मद्यविक्रीनियमन व अपघाती इजा

मद्याची विक्री कोणी, कोठे, किती वाजेपर्यंत, कोणत्या किंमतीस व कोणास करावी यांविषयी शासनाने घातलेले निर्बंध आणि रुग्णालयांच्या अपघात विभागांत येणाऱ्या जखमी रुग्णांचे प्रमाण यांचा परस्परसंबंध. मद्यविक्रीवरील निर्बंध फार जुने आहेत. परंतु ते घालताना राज्यकर्त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा महसूल, सार्वजनिक शांतता किंवा नीती ही उद्दिष्टे असत. फुटलेली डोकी, मोडलेले जबडे आणि वाहनांखाली सापडलेले पादचारी यांची मोजदाद करून एखादा अबकारी नियम पारखावा, ही कल्पना विसाव्या शतकातच रूढ झाली. यकृताचा सूत्रण रोग जडण्यास वर्षानुवर्षांचे मद्यपान लागते. हाड मोडण्यास एक रात्र पुरते. त्यामुळे विक्रीचा नियम बदलल्यानंतर त्याचा परिणाम सर्वांत आधी अपघात विभागाच्या नोंदवहीत उमटतो. या विषयाचे ऐतिहासिक महत्त्व त्यातच आहे.

अठराव्या शतकात लंडनमध्ये जिन या स्वस्त मद्याचा सुळसुळाट झाला, तेव्हा ब्रिटिश संसदेने १७३६ मध्ये किरकोळ विक्रीच्या परवान्यासाठी ५० पौंड इतके जबर शुल्क ठरविले. परिणामी उघड विक्रीऐवजी चोरटी विक्री वाढली व १७४३ मध्ये तो कायदा मागे घ्यावा लागला. १७५१ च्या सौम्य कायद्याने मात्र मद्य गाळणाऱ्यांस किरकोळ विक्री करण्यास मनाई केली आणि तो अधिक यशस्वी ठरला. स्वीडनमधील गॉथनबर्ग शहराने १८६५ मध्ये ऊर्ध्वपातित मद्याच्या विक्रीचा मक्ता खाजगी नफ्याशी संबंध नसलेल्या एका मंडळीकडे सोपविला. त्याच देशात ईव्हान ब्रॅट या वैद्याच्या योजनेनुसार प्रत्येक ग्राहकास शिधापत्रिकेसारखे एक पुस्तक देण्यात येऊ लागले. त्यात महिन्याची खरेदी नोंदली जाई आणि तिला मर्यादा असे. ही पद्धत १ ऑक्टोबर १९५५ रोजी बंद झाली, तेव्हा मद्यपानजन्य उन्मादवाताचे रुग्ण एकाएकी वाढले. डेन्मार्कमध्ये १९१७ साली युद्धकालीन टंचाईमुळे ऊर्ध्वपातित मद्यावरील कर एवढा वाढविण्यात आला, की त्याची किंमत दसपटीहून अधिक झाली. दोन वर्षांत देशातील मद्याचा दरडोई खप सु. एकचतुर्थांशावर आला. या सर्व घटनांत इजांची पद्धतशीर नोंद मात्र कोणी ठेवली नव्हती.

ती ठेवण्यासाठी रक्तातील मद्याचे मापन शक्य व्हावे लागले. स्वीडिश शास्त्रज्ञ एरिक व्हिडमार्क यांनी १९२० नंतरच्या दशकात थोड्याशा रक्तातील अल्कोहॉल मोजण्याची रीत सिद्ध केली. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील एव्हन्स्टन येथे आर. एल. हॉलकम यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत रुग्णालयात दाखल झालेल्या २७० जखमी वाहनचालकांची तुलना रस्त्यावर सहज थांबविलेल्या १,७५० चालकांशी केली. जखमींपैकी सु. ४७ टक्के व इतरांपैकी सु. १२ टक्के चालकांनी मद्य घेतलेले आढळले. एव्हन्स्टन हे शहर विद्यापीठाच्या सनदेमुळे एकोणिसाव्या शतकापासून मद्यविक्रीला बंद होते आणि १९७२ पर्यंत तसेच राहिले. गावात गुत्ता नसला, तरी गावाबाहेर असतो आणि तेथून परतताना गाडी चालवावी लागते, ही गोष्ट या पाहणीच्या मुख्य निष्कर्षाइतकीच ध्यानात घेण्याजोगी आहे. पुढे मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स येथे रॉबर्ट बॉर्कनस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सु. ६,००० अपघातग्रस्त चालकांची पाहणी केली (१९६४) आणि रक्तातील मद्याच्या प्रमाणाबरोबर धोका कसा चढत जातो याचा आलेख मांडला.

रस्त्यावरील अपघातांपुरते हे ठीक होते. मारामारी, जिन्यावरून पडणे, भाजणे, यंत्रात हात सापडणे अशा इजांसाठी मात्र संशोधकांना रुग्णालयाच्या दारातच बसावे लागले. शेरिल चेरपिटेल यांच्यासारख्या अभ्यासकांनी अपघात विभागांतील रुग्णांची श्वासचाचणी घेणे आणि इजेपूर्वीच्या सहा तासांत मद्य घेतले होते काय असे विचारणे ही पद्धत प्रचारात आणली. येथे तुलना कोणाशी करावयाची, ही अडचण होती. कारण जखमी मनुष्य व निरोगी मनुष्य यांच्या स्वभावात व राहणीतच भेद असू शकतो. म्हणून रुग्णालाच त्याचा स्वतःचा तुलनागट करण्याची युक्ती निघाली : आज इजेपूर्वी त्याने मद्य घेतले होते काय आणि गेल्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी घेतले होते काय, हे दोन प्रश्न ताडून पाहिले जातात. जागतिक आरोग्य संघटनेने एकविसाव्या शतकाच्या आरंभी बारा देशांत जी सहकारी पाहणी केली, तीत ही पद्धत वापरण्यात आली. भारतातील पाहणी बंगलोर येथे झाली.

विक्रीची वेळ हा निर्बंधांतील सर्वांत अधिक अभ्यासिला गेलेला घटक होय आणि त्याचा इतिहास मुख्यतः ऑस्ट्रेलियाचा आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ मध्ये, साउथ ऑस्ट्रेलिया, न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया व टास्मानिया या राज्यांनी मद्यगृहे सायंकाळी सहा वाजता बंद करण्याचा नियम केला. न्यूझीलंडने १९१७ मध्ये त्याचे अनुकरण केले. कामगार पाच वाजता सुटत आणि सहा वाजता दार बंद होई. मिळालेल्या त्या तासाभरात उभ्याउभ्या जितके रिचविता येईल तितके रिचविण्याची चाल पडली व लोक एकदमच धुंद होऊन रस्त्यावर येऊ लागले. हा नियम टास्मानियाने १९३७ मध्ये, न्यू साउथ वेल्सने १९५५ मध्ये, व्हिक्टोरियाने १९६६ मध्ये आणि साउथ ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांनी १९६७ मध्ये सोडला. मेलबर्न शहरात बंद होण्याची वेळ सहावरून दहावर गेल्यानंतर रस्त्यांवरील अपघात वाढतील असा अनेकांचा होरा होता. प्रत्यक्षात सहा ते सात या तासातील अपघात घटले, दहा ते अकरा या तासातील वाढले आणि एकूण संख्येत लक्षणीय फरक पडला नाही. दार लवकर लोटल्याने इजा आपोआप कमी होतात असे म्हणता येत नाही. ती वेळ लोकांच्या दिनक्रमात कोठे पडते, यावर पुष्कळ अवलंबून असते.

त्याच देशाचा पुढील अनुभव या निष्कर्षाला पुरवणी जोडणारा आहे. न्यू साउथ वेल्समधील न्यूकॅसल या बंदराच्या मध्यवस्तीतील मद्यगृहे पहाटे पाच वाजेपर्यंत उघडी असत. मार्च २००८ मध्ये तेथील चौदा मद्यगृहांवर पहाटे तीनला (लवकरच साडेतीनला) बंद करण्याचे बंधन आले. शिवाय रात्री एकनंतर (पुढे दीडनंतर) नव्या गिऱ्हाइकास आत घेण्याची मनाई झाली. म्हणजे एका मद्यगृहातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे रात्रभर चालणारे भ्रमण थांबले. जवळच्या हॅमिल्टन या वस्तीत असा नियम नव्हता. तिच्याशी तुलना करता न्यूकॅसलमधील रात्रीचे हल्ले सु. ३७ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. १९१६ मधील सहाची वेळ कामावरून सुटण्याच्या वेळेला भिडलेली होती. २००८ मधील निर्बंध मात्र अशा प्रहराला लागला, की त्यानंतर घरी जाण्यावाचून दुसरा उद्योग उरत नव्हता.

सिडनी शहरात रात्री अनोळखी व्यक्तीने मारलेल्या एकाच ठोशाने तरुणांचे मृत्यू झाल्याच्या घटनांनी लोकमत प्रक्षुब्ध झाले आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये तेथेही दीडनंतर प्रवेशबंदी व तीननंतर विक्रीबंदी लागू झाली. किंग्ज क्रॉस या रात्रजीवनासाठी प्रसिद्ध असलेल्या भागाजवळील सेंट व्हिन्सेंट्स रुग्णालयातील वैद्यांनी आदल्या व नंतरच्या वर्षांतील नोंदी पडताळल्या. शुक्रवार सायंकाळ ते रविवार पहाट या काळात येणाऱ्या मद्यसंबद्ध गंभीर इजा सु. एकचतुर्थांशाने कमी झाल्या होत्या. नियमाच्या कक्षेबाहेरील काही वस्त्यांत हल्ले थोडे वाढले. परंतु घट त्याहून मोठी होती. शहरातील मोठे जुगारगृह या कक्षेत येत नव्हते, याबद्दल बरीच टीका झाली. मद्यगृहांचे मालक, वादक व रात्रीच्या व्यवसायांवर पोट असणारे लोक यांनी या नियमास सतत विरोध केला. प्रवेशबंदीचा भाग शहराच्या मध्यभागी जानेवारी २०२० मध्ये आणि किंग्ज क्रॉस येथे मार्च २०२१ मध्ये रद्द करण्यात आला. रुग्णालयाचे आकडे एका पारड्यात आणि शहराचे अर्थकारण दुसऱ्या पारड्यात, असा हा वाद होता. त्याचा निकाल वैद्यकशास्त्राच्या हाती नव्हता.

दुकानांची संख्या व दिवस यांविषयीचा पुरावा संमिश्र आहे. फिनलंडमध्ये १ जानेवारी १९६९ पासून मध्यम तीव्रतेची बिअर किराणा दुकानांत मिळू लागली आणि एकाच वर्षात मद्याचा एकूण खप ४६ टक्क्यांनी वाढला. १९७२ मध्ये त्याच देशातील सरकारी मद्यदुकानांचा संप काही आठवडे चालला, तेव्हा मद्यधुंद अवस्थेत होणाऱ्या अटकांत मोठी घट झाली. याउलट स्वीडनने १९८१ पासून सरकारी मद्यदुकाने शनिवारी बंद ठेवली व २००० पासून ती पुन्हा उघडली. विक्री थोडी वाढली, परंतु हल्ल्यांत लक्षणीय वाढ आढळली नाही. शुक्रवारीच खरेदी करून ठेवणाऱ्या समाजात शनिवारचे कुलूप फारसे जाचक नसावे.

किंमतीचा परिणाम आणखी निराळा आहे. स्कॉटलंडने १ मे २०१८ पासून शुद्ध अल्कोहॉलाच्या दर १० मिलि. ला किमान ५० पेन्स असा दर ठरविला (३० सप्टेंबर २०२४ पासून ६५ पेन्स). केवळ मद्यामुळे होणारे मृत्यू त्यानंतर सु. १३ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसून आले. परंतु अपघात विभागांत येणाऱ्या मद्यसंबद्ध रुग्णांत मात्र घट आढळली नाही. स्वस्त मद्य घरी आणून रोज पिणारा मनुष्य आणि शनिवारी रात्री मद्यगृहात महाग पेय घेणारा तरुण हे भिन्न ग्राहक होत; किमान दराचा चिमटा पहिल्यास बसतो, दुसऱ्यास नाही.

सोव्हिएट संघात मिखाईल गोर्बाचेव्ह यांच्या राजवटीत मे १९८५ मध्ये सुरू झालेल्या मोहिमेत उत्पादन, दुकाने, वेळ व किंमत या चारही अंगांवर एकदम घाला घालण्यात आला. अपघात, हिंसा व विषबाधा यांचे मृत्यू झपाट्याने उतरले आणि १९८४–८७ या काळात रशियातील पुरुषांचे सरासरी आयुर्मान सु. तीन वर्षांनी वाढले. त्याचबरोबर घरोघरी दारू गाळली जाऊ लागून बाजारातील साखर नाहीशी झाली, तिजोरी रिती होऊ लागली आणि मोहीम ढेपाळली. पुढील दशकात मृत्युमान पूर्वीपेक्षाही वर गेले. मात्र त्याला राज्यसंस्थेचे विघटन व आर्थिक विपत्ती हीही कारणे होती.

मुंबई इलाख्यातील इतिहास संपूर्ण बंदीचा परिणाम समजून घेण्यास विशेष उपयुक्त आहे. १८७८ च्या मुंबई अबकारी अधिनियमाने मद्यनिर्मिती व विक्री सरकारी नियंत्रणाखाली आणली. ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांत १८९२ च्या अधिनियमाने मोहाच्या फुलांच्या साठ्यावरही निर्बंध आले. या कायद्यांचा रोख घरगुती दारू मोडून सरकारी भट्टीचा महसूल वाढविण्याकडे होता. राष्ट्रीय चळवळीने दारूबंदी हा आपल्या कार्यक्रमाचा भाग केल्यावर चित्र पालटले. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी पुकारली. तिचे प्रवर्तक आरोग्यमंत्री डॉ. एम्. डी. डी. गिल्डर हे स्वतः नामांकित वैद्य होते. मंत्रिमंडळाने त्याच वर्षी राजीनामा दिला व ही बंदी फार टिकली नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ संमत झाला आणि ६ एप्रिल १९५० पासून राज्यभर संपूर्ण दारूबंदी आली. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ च्या बलसारा खटल्यात तो अधिनियम बहुतांशी वैध ठरविला. औषधी व प्रसाधनी द्रव्यांविषयीचे काही भाग मात्र रद्द केले.

बंदीने उघडे गुत्ते बंद झाले. त्यांची जागा हातभट्टीने घेतली. गूळ व नवसागर घालून आंबविलेले रसायन खाडीकाठी, झुडपांत किंवा चाळीच्या मागील खोलीत गाळले जाई आणि मोटारीच्या रबरी नळ्यांत भरून शहरात आणले जाई. ज्यांना तेही परवडत नसे, ते टिंचर किंवा लाकडी सामानाचे पॉलिश पीत. यातील मोठा धोका मिथिल अल्कोहॉलाचा. शरीरात त्याचे फॉर्मिक अम्लात रूपांतर होते, रक्ताची अम्लता वाढते, नेत्रतंत्रिकेवर आघात होतो आणि रुग्ण आंधळा होतो किंवा दगावतो. विशेष हे, की त्यावरील एक जुना उतारा खुद्द एथिल अल्कोहॉल हाच आहे; कारण ते त्याच एंझाइमाला गुंतवून ठेवते व विषाचे रूपांतर लांबवते. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात विषबाधा ही इजांबरोबरच, बाह्य कारणांनी होणाऱ्या हानीत, गणली जाते. तेव्हा बंदीमुळे मारामारीचे रुग्ण किती घटले हे पाहताना, त्याच दाराने आत आलेले विषबाधेचे रुग्णही हिशेबात धरले पाहिजेत. बंदीचे समर्थक पहिला आकडा सांगतात, विरोधक दुसरा. दोन्ही एकत्र मांडण्याचे काम क्वचितच झाले आहे. अशा दुर्घटना केवळ बंदीच्याच काळात होतात असेही नाही. मुंबईतील मालाडजवळच्या मालवणी येथे जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. त्या वेळी शहरात परवानाप्राप्त दुकाने राजरोस चालू होती, परंतु त्यांतील मद्य मजुराच्या खिशाला जड होते.

महाराष्ट्रात १९६० नंतरच्या दशकात बंदी टप्प्याटप्प्याने सैल करण्यात आली. मूळ अधिनियम मात्र कायम राहिला (पुढे त्याचे नाव महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम झाले) आणि त्यातील परवान्याची अटही राहिली. वर्धा व गडचिरोली या जिल्ह्यांत बंदी चालू राहिली. गडचिरोलीतील १९९३ ची बंदी लोकचळवळीतून आली. चंद्रपूर जिल्ह्यात ती एप्रिल २०१५ मध्ये आली व २०२१ मध्ये उठविण्यात आली. महिलांच्या मतदानाने गावातील दुकान बंद करण्याची तरतूद ‘आडवी बाटली’ या मतचिन्हामुळे सर्वतोमुखी झाली. या मागणीमागे घरातील मारहाण हे एक प्रमुख कारण असे. मात्र ‘पडून लागले’ अशी नोंद करवून घेणाऱ्या स्त्रीची खरी इजा कोणत्याच तक्त्यात येत नाही.

या अधिनियमाने अपघात विभागातील वैद्याला एक वेगळे काम लावून दिले. त्याच्या ६६ व्या कलमानुसार रक्तात ०·०५ टक्के वा अधिक अल्कोहॉल आढळल्यास निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार आरोपीवर पडतो आणि त्यासाठी रक्ताचा नमुना घेण्याचे नियम १९५९ मध्ये करण्यात आले. मोटार वाहन कायद्यातील मर्यादा याहून कमी, म्हणजे १०० मिलि. रक्तात ३० मिग्रॅ. एवढी आहे. एकाच खाटेवरील रुग्णाला अशा प्रकारे दोन निरनिराळे मापदंड लागू होऊ शकतात. शिवाय परवान्याविना मद्यपान हाच गुन्हा असल्यामुळे जखमी मनुष्य आपण प्यायलो होतो हे सांगण्यास कचरतो. पुरावा गोळा करण्यासाठी केलेल्या नियमाने संशोधनाचा पुरावा असा दडपला जातो.

भारतातील सर्वांत व्यापक स्थाननिर्बंध न्यायालयाकडून आला. १५ डिसेंबर २०१६ च्या निर्णयाने सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मी. च्या आतील मद्यदुकाने १ एप्रिल २०१७ पासून बंद करण्याचा आदेश दिला. लहान गावांसाठी हे अंतर २२० मी. करण्यात आले आणि जुलै २०१७ मध्ये नगरपालिका हद्दीतील दुकानांना हा आदेश लागू नसल्याचे स्पष्ट झाले. दरम्यान काही राज्यांनी शहरांतून जाणाऱ्या महामार्गांचा दर्जाच बदलून टाकला. केरळमधील एका मद्यगृहाने अंतर भरून काढण्यासाठी दाराशी नागमोडी वाट बांधली. चालत जाण्याचे अंतर वाढले, रस्ता होता तेथेच राहिला.

कोविड-१९ च्या साथीत दक्षिण आफ्रिकेने केलेला प्रयोग या विषयातील सर्वांत ठळक होय. देशातील रुग्णालयांत सुरीचे वार, गोळीबार व रस्त्यावरील अपघात यांचे रुग्ण प्रत्येक आठवड्याच्या अखेरीस दाटी करीत. साथीच्या रुग्णांसाठी खाटा मोकळ्या ठेवणे आवश्यक झाल्याने शासनाने २७ मार्च २०२० पासून मद्यविक्री पूर्णपणे बंद केली. इजांचे रुग्ण एकदम ओसरले. परंतु त्याच दिवशी सर्व देशास घरात बसविण्यात आले असल्याने श्रेय कोणाचे हे ठरविता येईना. १ जून रोजी विक्री पुन्हा सुरू होताच अपघात विभाग भरू लागले. १२ जुलै रोजी ती पुन्हा बंद करण्यात आली. या वेळी बहुतेक व्यवहार चालू होते, रात्रीची संचारबंदी तेवढी नव्याने आली होती. तरीही इजा पुन्हा उतरल्या. ऑगस्टमध्ये बंदी उठली आणि २८ डिसेंबरच्या मध्यरात्रीपासून तिसऱ्यांदा लागली. सोवेटो येथील क्रिस हानी बरगवनाथ हे आफ्रिकेतील सर्वांत मोठ्या रुग्णालयांपैकी एक. वर्षारंभाची रात्र तेथील शल्यचिकित्सकांना वर्षातील सर्वांत कठीण रात्र वाटे. १ जानेवारी २०२१ च्या पहाटे तेथील आघात कक्षातील रिकाम्या खाटांची छायाचित्रे देशभर प्रसिद्ध झाली.

विक्री उघडी व बंद, संचारबंदी दीर्घ व अल्प, अशा निरनिराळ्या जोड्या वर्षभरात घडून आल्याने संख्याशास्त्रज्ञांना दोहोंचा परिणाम वेगळा काढण्याची संधी मिळाली. अनैसर्गिक मृत्यूंतील मोठी घट संपूर्ण विक्रीबंदीच्या काळातच आढळली. केवळ वेळा कमी केल्याने किंवा केवळ संचारबंदीने तेवढी घट झाली नाही. दुसरीकडे द्राक्षबागाईत व मद्योद्योगातील कामगारांच्या नोकऱ्या गेल्या, दुकाने फोडली गेली आणि घरी आंबवणी घालण्यासाठी अननसांचा खप अचानक वाढला. चौथी बंदी २८ जून २०२१ रोजी आली. जुलैमध्ये क्वाझुलू-नाताळ व गौतेंग या प्रांतांत दंगली उसळून तीनशेहून अधिक माणसे मेल्यामुळे त्या काळातील आकडे अभ्यासाला निरुपयोगी झाले; २५ जुलै रोजी बंदी उठविण्यात आली.